आकडा वाढला म्हणजे काम झालं का?

प्रश्न: ‘गावी’ (Gavi) सारख्या आंतरराष्ट्रीय संस्था गरीब देशांना लसीकरणासाठी मदत करतात, पण काम खरंच झालं का हे मोजतात कसं? किती लशी पाठवल्या एवढं पुरतं का हो?

उत्तर: नाही पुरत. लस गोदामात पोचणं आणि बाळाच्या मांडीत जाणं यात फार अंतर आहे. गावी २००० साली सुरू झाली तेव्हा एक हिशोब साधा होता, त्रिगुणी लशीचा (घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांवरची) तिसरा डोस मिळालेलं दर जादाचं मूल दाखवा आणि २० डॉलर घ्या, ऐकायला छानच वाटतं, पण आकडा देणारा आणि पैसे घेणारा एकच असला की काय होतं ते २००८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातल्या अभ्यासात दिसलं, बऱ्याच देशांनी कळवलेले आकडे घरोघरच्या सर्व्हेपेक्षा जास्त निघाले. त्यात जनगणना जुनी असली की एकूण मुलं कमी धरली जातात आणि कव्हरेज, म्हणजे लस मिळालेल्या मुलांचं प्रमाण, कागदावर १०० टक्क्यांच्याही वर जातं!

मला स्वतःला गळतीचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणजे पहिला डोस घेतलेली किती मुलं तिसऱ्याला आलीच नाहीत. पहिल्यांदा आई आली होती ना, म्हणजे तिचा विरोध नव्हता, मग नंतर का नाही आली? मजुरी बुडत होती, केंद्र लांब होतं की लसच संपली होती? हे विचारायलाच हवं. २०२१ पासून गावीने एकही डोस न मिळालेल्या मुलांवर भर दिलाय, ते मला फार पटतं, कारण त्यात आपल्याकडून कोण सुटलं तेच आधी मोजावं लागतं.