ती काळी भोकं थराला नाहीत, सोन्याला आहेत

तुम्ही विचारलंय की अभ्रकावरच्या सोन्याचा तुकडा डेकेनथायॉलच्या (एका टोकाला गंधक असलेल्या लांब रेणूच्या) इथेनॉलमधल्या द्रावणात 24 तास ठेवला, तरी एसटीएमच्या (अणू-रेणू दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाच्या) प्रतिमेत जागोजागी काळी भोकं दिसतात. मग रेणूंचा थर अर्धवट बसला का? कृपा करून सॅम्पल टाकू नका. याच भोकांपायी मी सुरुवातीला कितीतरी चांगली सॅम्पलं टाकून दिली, त्याची हळहळ अजून वाटते.

आधी खोली मोजा. प्रतिमेत कुठेतरी सोन्याची पायरी, म्हणजे एका अणुथराएवढी उंच कड, असेलच. तिच्यावरून आडवी रेघ ओढून उंची बघा, मग भोकावरून तशीच रेघ ओढा. दोन्हीकडे साधारण 0.24 नॅनोमीटर आलं, तर तिथे सोन्याचाच एक अणुथर कमी आहे. पायरी त्याच प्रतिमेतली असल्यामुळे पिएझोचं (सुई वर-खाली हलवणाऱ्या भागाचं) कॅलिब्रेशन थोडं हललेलं असलं तरी तुलना बिघडत नाही. आता भोकाच्या आत झूम करा. तळाशीही रेणूंचे तेच ठिपके, तसेच 0.5 नॅनोमीटर अंतरावर. मला तर ते पहिल्यांदा दिसलं तेव्हा खुर्चीतून उठवेना. थर खड्ड्यात उतरूनही शिस्तीत बसलेला असतो.

कारण असं, की गंधक सोन्याला नुसतं वरून चिकटत नाही. पृष्ठभागातले काही अणू ते आपल्यासोबत वर ओढतं, आणि मागे राहिलेल्या रिकाम्या जागा एकत्र येऊन खड्डा होतो.

रेणू दिसतच नसतील तर तुमचं सेटिंग बघा. 100 मिलिव्होल्ट आणि 1 नॅनोअँपिअर म्हणजे टीप (एसटीएमची सुई) आणि सॅम्पल यांच्यात फक्त 100 मेगाओहम रोध, टीप फार जवळ. एवढ्यावर टीप थरात घुसून रेणू विस्कटते. 1 व्होल्ट आणि 10 पिकोअँपिअरवर या, म्हणजे 100 गिगाओहम होतात. प्रीअँप्लिफायर (सूक्ष्म प्रवाह वाढवणारं सर्किट) तेवढा शांत हवा, हे मात्र खरं.

थरातले खरे दोष शोधायचे तर भोकं सोडा आणि बारीक काळ्या रेघा बघा. दोन डोमेन (एकसारख्या रचलेल्या रेणूंचे भाग) जिथे भिडतात तिथे ओळी जुळत नाहीत, आणि थर कच्चा असतो तो तिथे. त्या कमी करायच्या असतील तर पुढचं सॅम्पल द्रावणातच, झाकण लावून, 60 अंशांवर काही तास ठेवून बघा. डोमेन मोठे होतात, खड्डेही एकमेकांत मिसळून संख्येने कमी होतात. इथेनॉल आहे, तेव्हा उघडी ज्योत जवळ नको. वॉटर बाथच वापरा.