मुलांचा साहस-कॅम्प: परत कधी फिरायचं हे निघण्याआधी ठरवा

तेरा ते सोळा वयाच्या मुलांचा पहिलाच कॅम्प, त्यात डोंगर, रॅपलिंग (दोराने कड्यावरून खाली उतरणं) आणि एक नदी. तुम्ही विचारलंत की संमतीपत्रात काय लिहावं आणि साहित्याची यादी कशी करावी. त्यावर पुढे लिहितेच. पण मला जास्त काळजी वाटली ती प्रश्नात नसलेल्या गोष्टीची: परत कधी फिरायचं आणि ते कोण ठरवणार?

२२ मार्च १९९३ रोजी इंग्लंडमध्ये लाइम बे इथे शाळकरी मुलांचा एक गट कयाकमधून (वल्ह्याने चालवायच्या अरुंद होडीतून) समुद्रात गेला. सोबत त्यांचे एक शिक्षक आणि साहस-केंद्राचे दोन प्रशिक्षक होते. शिक्षकांची कयाक पुन्हा पुन्हा उलटू लागली, एक प्रशिक्षक त्यांच्यापाशी थांबला आणि दुसऱ्याबरोबरची मुलं किनाऱ्यापासून दूर वाहत गेली. मदतीला खूप उशीर झाला. चार मुलं दगावली. त्या केंद्रात आधी काम केलेल्या प्रशिक्षकांनी तिथल्या सुरक्षेबद्दल काही महिने आधीच लेखी इशारा दिला होता. पुढे केंद्राच्या संचालकाला सदोष मनुष्यवधाबद्दल तुरुंगवास झाला आणि १९९५ मध्ये अशा केंद्रांना परवाना सक्तीचा करणारा कायदा आला. कुठलंही साहित्य न वापरता करता येण्यासारख्या दोन गोष्टी मी यातून घेते. मागे राहिलेल्या एका माणसाकडे लिहून दिलेली वेळ असावी, 'इतक्या वाजेपर्यंत आम्ही दिसलो नाही तर मदत बोलाव', आणि त्या वेळेनंतर त्याने अर्धा तास वाट बघत बसू नये. आणि कुणी तक्रार केली तर ती ऐकण्याचं काम कुणा एकाच्या नावावर असावं.

माघारीच्या खुणा आकड्यात आणि डोळ्याला दिसतील अशा लिहा. 'हवामान बिघडलं तर परत फिरू' हे वाक्य डोंगरावर निरुपयोगी ठरतं, कारण तिथे प्रत्येकाला हवा 'अजून ठीक' वाटते. 'दुपारी १ पर्यंत माथा आला नाही तर जिथे असू तिथून परत' हे उपयोगी वाक्य आहे. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांपेक्षा कमी वेळ लागला तर डोंगराची उघडी धार, माथा, एकटं झाड आणि पाणी सोडायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं पुढे जायचं नाही.

नदीबद्दल मी सगळ्यात कडक आहे. १५ एप्रिल २००८ रोजी न्यूझीलंडच्या मांगाटेपोपो घळीत अचानक पूर आला आणि सहा विद्यार्थी व त्यांचे एक शिक्षक दगावले. अरुंद घळीत पाणी चढायला लागलं की बाहेर पडायला वेळच उरत नाही, म्हणून निर्णय घळीच्या तोंडाशीच घ्यावा लागतो. तुमच्या डोक्यावर आकाश निळं असेल, पण वरच्या खोऱ्यात पाऊस पडत असेल तर पाणी येणारच. पाणी गढूळ होणं, पालापाचोळा आणि काटक्या वाहून येणं, प्रवाहाचा आवाज बदलणं, यातलं काहीही दिसलं की सगळ्यांनी वर. वाहत्या पाण्याची खोली सगळ्यात बुटक्या मुलाच्या गुडघ्याशी मोजा, लीडरच्या नाही. कुणी पडलंच तर प्रवाहात उभं राहायची धडपड करू नये. दगडात पाय अडकला तर पाणी माणसाला तोंडावर पाडतं आणि दाबून धरतं. पाठीवर पडून, पाय प्रवाहाच्या दिशेला आणि वर ठेवून काठाकडे सरकायचं. हे मुलांना काठावर आडवं झोपवून करून दाखवा. नुसतं सांगून लक्षात राहत नाही.

आता, हे ठरवणार कोण? नियम असा ठेवा: कुठल्याही लीडरने, अगदी सगळ्यात नवख्यानेही, 'थांबा' म्हटलं की गट थांबतो, आणि मतभेद असेल तर सावध मत चालतं. त्याबद्दल नंतर कुणालाही टोमणा मारायचा नाही. पालकांनी पैसे भरलेत, मुलं रडवेली झालीत, बस ठरलेली आहे, हा दबाव खरा असतो. म्हणून दुसरा कार्यक्रम आधीच तयार ठेवा. हातात काही असलं की परत फिरणं सोपं जातं. ओळखीच्या वाटेवर तर जास्त जपा. अमेरिकेतल्या हिमस्खलनाच्या अपघातांचा अभ्यास करणाऱ्या इयन मॅकॅमन यांना आढळलं की ओळखीच्या जागी प्रशिक्षित लोकही बेफिकीर होतात.

रॅपलिंगमध्ये प्रत्येक मुलाची तपासणी हाताने करा. 'नीट लावलंस ना?' असं विचारणं म्हणजे तपासणी नाही. हार्नेसचं (कमरेला-मांड्यांना बांधायच्या पट्ट्याचं) बकल, गाठ, कॅराबिनरचं (दोर अडकवायच्या धातूच्या कडीचं) लॉक, हेल्मेटचा पट्टा, मोकळे केस. दर वेळी याच क्रमाने, दर वेळी दुसऱ्या माणसाकडून. मुलाला सुरक्षेचा वेगळा दोर आणि त्या दोराला वेगळा अँकर (दोर बांधायचा पक्का आधार) हवाच. कड्याच्या टोकाशी उभा असलेला लीडरही बांधलेला हवा. रांगेतली मुलं कड्यापासून लांब, आखलेल्या रेषेमागे बसवा. आणि एखादं मूल 'नको' म्हणालं तर त्याला टाळ्या वाजवून ढकलू नका. नाही म्हणायची मोकळीक असेल तरच पुढे ते 'मला चक्कर येतेय' हे वेळेवर सांगेल.

प्रथमोपचाराचं प्रशिक्षण सगळ्या लीडरांनी घ्यावं, पण दोन गोष्टी आत्ताच सांगते. उन्हात चालताना मूल असंबद्ध बोलू लागलं किंवा कोसळलं तर आधी अंगावर भरपूर पाणी, वारा, शक्य तर पाण्यात बसवणं. गाडी येईपर्यंत थंड करणं थांबवायचं नाही. थंडी-पावसात उलट खूण असते: बडबडं मूल गप्प होतं, अडखळतं, बटणं लावता येत नाहीत. ओले कपडे तेव्हाच बदला, मुक्कामाला पोहोचल्यावर नाही.

संमतीपत्रात खरे धोके साध्या शब्दांत लिहा: पडणं, बुडणं, वीज, दंश. सही झाली म्हणून तुमची जबाबदारी संपत नाही, पण पालक खरं कळल्यावर खरं सांगतात. दमा, फिट्स, ॲलर्जी, चालू औषधं यांचे रकाने हवेत, आणि त्याची प्रत लीडरच्या सॅकमध्ये. तळावरच्या फाइलमध्ये राहिली तर तिचा उपयोग शून्य. दम्याचा पंप मुलाच्या खिशात आणि जादा एक लीडरकडे. फिट्स येणाऱ्या मुलाबाबत पाणी आणि दोर यांचा निर्णय डॉक्टरांशी बोलल्याशिवाय घेऊ नका. साहित्याच्या यादीबद्दल एवढंच की दोर आणि हार्नेसची खरेदीची तारीख व वापर यांची नोंद नसेल तर ते साहित्य घेऊ नका.

एक प्रौढ आणि एक मूल असे इतरांच्या नजरेआड कधीही राहणार नाहीत, हा नियम लीडर, स्वयंपाकी, फोटोग्राफर सगळ्यांना लागू करा आणि तो मुलांनाही सांगा. ड्रायव्हरला झोपायला वेगळी, शांत जागा द्या, आणि परतीचा प्रवास रात्रीचा ठेवू नका.