86 पेशंट की 84?

अगं,

तुझा सात मिनिटांचा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. एकदा कुकरच्या शिट्ट्यांमध्ये आणि मग नीट बसून. मोबाईलवर उत्तर टाइप करायला घेतलं तर अंगठे दुखले म्हणून लॅपटॉप उघडलाय, आता याला पत्र म्हण नाहीतर लेक्चर म्हण.

म्हणजे झालंय असं की चीनच्या हेनान प्रांतातल्या कुठल्यातरी हॉस्पिटलच्या डॉक्टरचा रिसर्च पेपर तुझ्याकडे इंग्लिश एडिटिंगला आलाय, अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या सारांशात, 86 पेशंट आहेत, टेबल दोनची बेरीज केली तर 84 भरतात, आणि शेवटी औषध 'सेफ अँड इफेक्टिव्ह' म्हणून मोकळा झालाय. सोबत नोट, की रिव्ह्यूअरला, म्हणजे जर्नलसाठी पेपर तपासणाऱ्याला, पटेल असं छान पॉलिश करून द्या. टीम लीडला विचारलंस तर तो म्हणाला आपलं काम भाषेचं, पेशंट मोजायला आपण काय पोलीस आहोत का. आणि तू मला विचारतेस, ताई, 86 ठेवू, 84 करू की गप्प बसू.

तिन्ही नाही. विचार त्याला. कॉमेंट टाक आणि सरळ विचार, तुझं काम तिथे संपलं.

पहिल्या आठवड्यात तुला सांगितलं होतं, आता परत सांगते: भाषेला हात लाव, दाव्याला नको. 'द' घाल, 'द' काढ, काळ बदल, दीड पानाचं वाक्य तोड, सगळं कर. पण 'मे बी'चं 'इज' करायचं नाही. 84चं 86 करायचं नाही आणि 86चं 84 पण करायचं नाही, कारण खरा आकडा कुठला ते तुला माहीत नाही, मला नाही, तुझ्या त्या टीम लीडला तर नाहीच नाही. दोन पेशंट फॉलो-अपला आले नसतील, ओपीडीत रोज होतं असं. किंवा टायपो असेल. किंवा सगळंच बनवलेलं असेल. बाहेर बसून ठरवणारी तू कोण?

आणि मेसेजच्या शेवटी हसत हसत जे म्हणालीस ना, "चायनीज पेपर असेच असतात ना सगळे", ते मला अजिबात आवडलं नाही. 2016 मध्येच वर्षाच्या पेपरांच्या संख्येत चीनने अमेरिकेला मागे टाकलं, सव्वाचार लाखांच्या वर पेपर एका वर्षात. एवढ्या ढिगात कचरा असणारच, आणि सोनंही असणार. थू योयो बाईंचं नाव ऐकलंयस? मलेरियावरचं औषध आर्टेमिसिनिन, ते त्यांचं. तिथे त्यांना 'तीन नाही'वाल्या म्हणायचे, डॉक्टरेट नाही, परदेशी शिक्षण नाही, अकादमीचं सदस्यत्व नाही. त्या रेणूची रचना 1977 मध्ये छापून आली ती चिनी भाषेतल्या जर्नलमध्ये, आणि लेखक म्हणून कुणा एकाचं नाव नव्हतं, अख्ख्या गटाचं होतं. नोबेल मिळालं 2015 मध्ये. आणि आपण काय मोठे लागून गेलोय? 2018 मध्ये युजीसीला स्वतःच्याच मान्य जर्नलांच्या यादीतून 4,305 जर्नल काढावी लागली होती. प्रमोशनच्या पॉइंटसाठी आपल्या प्राध्यापकांनी कुठे कुठे काय काय छापलंय ते मी सांगायला नको, तुझे काकाच प्राध्यापक आहेत.

त्या डॉक्टरकडे बघ जरा. सकाळभर ओपीडी, दुपारी वॉर्ड, आणि पुढच्या पदासाठी फाइलमध्ये एससीआय पेपर पाहिजे. एससीआय म्हणजे मुळात एक सूची, कुठली जर्नल त्यात आहेत एवढंच, पण तिथे तो शब्द आपल्याकडच्या नेट-सेटसारखा झाला, आहे की नाही एवढंच विचारायचं. नानजिंग युनिव्हर्सिटीने एससीआय पेपरला रोख बक्षीस द्यायला सुरुवात केली आणि मग सगळीकडे लाट आली. 2016 मध्ये 'नेचर' किंवा 'सायन्स'मधल्या एका पेपरला सरासरी 43 हजार डॉलरच्या वर मिळायचे, कुठे कुठे तर 1 लाख 65 हजार. त्यांच्या सरकारी सायन्स फाउंडेशनच्या तरुणांच्या ग्रँटला पुरुषांना वयाची अट 35, बायकांना 40, अर्ज साधारण 20 मार्चपर्यंत, म्हणून तर फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडे 'अर्जंट' लिहिलेल्या फायलींचा पूर येतो. पाणचट पेपर छापणाऱ्या जर्नलला ते लोक श्वेइखान म्हणतात, श्वेइ म्हणजे पाणी. दुधात पाणी घालणं आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

2020 च्या फेब्रुवारीत त्यांच्या सरकारने रोख बक्षिसं बंद करायला सांगितली, निवडक पेपर दाखवताना एक तृतीयांश तरी देशातल्या जर्नलमधले पाहिजेत असंही आलं. कागदावर चांगलंच आहे. पण हॉस्पिटलमधल्या साहेबाची पेपर मोजायची सवय अशी एका परिपत्रकाने जाते होय?

या दाबातूनच दुकानं निघाली. पेपर विकत घ्या, लेखकाच्या यादीत तिसरी जागा घ्या, पैसे टाका. 2020 मध्ये एलिझाबेथ बिक, पेपरांमधली खोटी चित्रं हुडकणारी बाई, आणि तिच्याबरोबरच्या लोकांनी चारशेच्या वर पेपर शोधले ज्यांच्यातल्या वेस्टर्न ब्लॉटच्या, म्हणजे प्रथिनं ओळखायच्या चाचणीच्या फोटोतल्या, पट्ट्या हुबेहूब बेडकाच्या पिल्लांसारख्या दिसत होत्या, गोल डोकं, बारीक शेपटी, वेगवेगळ्या हॉस्पिटलांचे पेपर आणि पिल्लं एकाच तळ्यातली. 2023 मध्ये जगभरात दहा हजारांवर पेपर मागे घेतले गेले, त्यातले आठ हजारांवर हिंदावी या एकट्या प्रकाशकाचे. पण मला झोंबलं ते 2017 चं. 'ट्यूमर बायॉलॉजी' या जर्नलमधून एका दमात 107 पेपर काढले, जवळपास सगळे चीनमधले, कारण रिव्ह्यूच खोटे होते. आणि रिव्ह्यूअरची खोटी नावं-इमेल कोणी पुरवली, तर त्यात मधल्या एजन्सी होत्या, आम्ही तुमचं इंग्लिश सुधारून देतो म्हणणाऱ्या. आपल्याच धंद्यातले लोक गं. म्हणून 'आपलं काम फक्त भाषा' हे वाक्य त्या टीम लीडने माझ्यासमोर म्हणू नये, एवढंच.

आता माझं सांगते. कोणाला फारसं सांगितलेलं नाहीये.

2014 ची गोष्ट. कॅन्सरच्या सेल लाइनवरचा, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवरचा, पेपर. लेखकाने लिहिलं होतं 'मे बी रिलेटेड टू', आणि वर नोट, प्लीज मेक इट स्ट्राँगर. मी केलं. 'प्लेज अ क्रुशियल रोल इन'. किती सफाईदार वाटलं होतं तेव्हा. शिवाय फिगर तीन आणि फिगर पाच. दोन्हीकडच्या पट्ट्यांच्या बाजूला एक बारीक तिरका ओरखडा होता, एकात डावीकडे, दुसऱ्यात उजवीकडे, आरशात धरल्यासारखा. मी 300 टक्के झूम करून बघितलं होतं, म्हणजे दिसलं नाही असं मी म्हणूच शकत नाही. पण शुक्रवारची संध्याकाळ, शब्दावर पैसे, फिगर आपल्या स्कोपमध्ये नाहीत, आणि घरी मुलाची दहावी, ह्यांची नोकरी नुकतीच गेलेली. फाइल पाठवून दिली. सर्टिफिकेटही दिलं, इंग्लिश तपासलेलं आहे म्हणून.

चार वर्षांनी दुसरंच काहीतरी शोधताना तो पेपर समोर आला, प्रत्येक पानावर आडवं लाल अक्षरात 'रिट्रॅक्टेड', मागे घेतलेला. मी आधी फिगर बघितल्याच नाहीत, माझी नजर थेट त्या वाक्यावर गेली. 'प्लेज अ क्रुशियल रोल'. ओरखडा त्याचा होता, पण ते वाक्य माझं होतं. ते त्याला इंग्लिशमध्ये लिहिता आलंच नसतं.

त्यानंतर मी हट्टाला पेटले. शंका आली की कॉमेंट. एका पेपरात एकदा तेवीस कॉमेंट टाकल्या. मग मला बोलावून समजावलं की मॅडम कॉमेंट कमी करा, क्लायंट घाबरतो, टर्नअराउंड वाढतो. मी म्हटलं घाबरू दे. मग हळूहळू माझ्याकडे सोप्या फायली यायला लागल्या, मग कमी यायला लागल्या, मग एक दिवस मीच फ्रीलान्स करते म्हटलं. तुला ऑफिसात कोणीतरी सांगितलंच असेल की त्या फार स्लो होत्या म्हणून गेल्या. होते स्लो. बेरीज करून बघणारा माणूस स्लोच असतो. सोडलं त्याचं मला वाईट वाटत नाही, आणि वाटत असलं तरी पीएफचं वाटतं, त्या तेवीस कॉमेंटचं नाही.

आणि क्लायंट घाबरतो हे खोटं आहे. ऐक. ग्रामीण आरोग्य विम्यावरचा पेपर होता, एका काउंटीतला, म्हणजे आपल्या मोठ्या तालुक्यासारखं धर. लोकसंख्या लिहिली होती 12 मिलियन. 12 मिलियन म्हणजे 1 कोटी 20 लाख, एका तालुक्यात! आता त्यांची मोजणी आपल्यासारखी लाख-कोटीची नाही आणि इंग्लिशसारखी हजार-मिलियनचीही नाही. त्यांचं एकक वान, म्हणजे दहा हजार, त्याच्या पुढचं यी, म्हणजे आपले दहा कोटी. मूळ 120 वान असणार, म्हणजे 12 लाख, इंग्लिश करताना एक शून्य सरकलं. लाख-कोटीत वाढलेल्या माणसाला हे चटकन पकडता येतं, लंडनच्या एडिटरला नाही येणार. मला जवळजवळ खात्री होती, तरी मी बदललं नाही. विचारलं. आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा वाजले होते, म्हणजे तिकडे दोन, तेव्हा उत्तर आलं. 120 वानच होतं, आणि बाईने लिहिलं होतं की याच पेपरात आणखी दोन ठिकाणी तीच चूक सापडली, मी कॉमेंट टाकली नसती तर तिला कळलं नसतं. ती दोन ठिकाणं मलाही दिसली नव्हती! आकडा मीच परस्पर बदलून दिला असता तर ती दोन तशीच छापून गेली असती.

खऱ्या माणसाला प्रश्न आवडतो. दुकानातून आलेला पेपर असेल तर उत्तर येत नाही, किंवा 'ओके, यू डिसाइड' असं येतं, किंवा लेखकांची नावं 'नंतर कळवतो' असतात. हा काही नियम नाही, माझा अनुभव आहे. आणि विचारण्यात त्याचाही फायदाच आहे. 2023 च्या शेवटी त्यांच्या शिक्षण मंत्रालयाने विद्यापीठांकडून मागच्या तीन वर्षांत मागे घेतलेल्या पेपरांचा हिशेब मागितला होता, कारणांसकट. आज दोन पेशंटांचं उत्तर तुला देणं बरं की उद्या चौकशी समितीला?

बाकी त्याच्या इंग्लिशला हसू नकोस. 'विथ द रॅपिड डेव्हलपमेंट ऑफ' ने प्रत्येक पेपर सुरू होतो, माहितीये, शाळेतल्या निबंधाची सवय आहे ती, आपण नाही का 'आजच्या धकाधकीच्या युगात' लिहायचो. त्यांच्या क्रियापदाला काळ चिकटत नाही, अनेकवचन वेगळं होत नाही, आणि 'द' तर आपल्याकडे तरी कुठे आहे. रिव्ह्यूअर लिहितो नेटिव्ह स्पीकरकडून तपासून घ्या, आणि तो नेटिव्ह स्पीकर कोण, तर कर्वेनगरात वन बीएचकेत बसलेली मी, जिची इंग्लिश पाचवीपासून सुरू झाली. त्यामुळे जरा सांभाळून.

आता 'सेफ अँड इफेक्टिव्ह'चं काय करायचं विचारलंस. व्याकरण बरोबर आहे ना? मग ठेव. तुला पटत नसलं तरी ठेव, दावा त्याचा आहे. बाजूला विचार की तुलनेचा गट नाहीये, तर 'या पेशंटांमध्ये' एवढं जोडायचं का. तो हो म्हणाला तर जोड. स्वतःहून सौम्य करायचं नाही, ते पण दाव्याला हात लावणंच झालं, तुझ्यासारख्या शहाण्या मुली तिथेच घसरतात. चांगल्या हेतूने केलेलं चालतं असं वाटतं तुम्हाला. नाही चालत.

कॉमेंट अशी लिही: अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्ये 86, टेबल दोनमध्ये बेरीज 84, कृपया तपासून योग्य आकडा कळवा, दोन रुग्ण वगळले असतील तर कारण पद्धतीच्या भागात नमूद करावं. बस. आरोप नको, 'इंटरेस्टिंगली' वगैरे टोमणा नको. साध्या वाक्यात, त्याला भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये टाकावं लागणार आहे. टीम लीड ओरडला तर मेलवर ओरडायला सांग, तोंडी नको. आणि सर्टिफिकेट उत्तर येईपर्यंत अडवून ठेव.

सोमवारी सकाळी साडेसहाच्या आत पाठव, म्हणजे तिकडे नऊ वाजायच्या आधी, ओपीडी सुरू झाली की तो संध्याकाळपर्यंत फोन बघणार नाही. आणि उत्तर आलं की मला कळव, ते दोन पेशंट कुठे गेले ते मलाही आता बघायचंय.

ताई