आधी हॉलमधल्या डब्याचा वॅन पत्ता बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घोडबंदर रोडच्या घरी बेडरूममधल्या राउटरला २ टीबीची यूएसबी डिस्क लावली आहे, तिच्यात वडिलांनी काढलेले फोटो आणि व्हिडिओ आहेत. लॅपटॉपवर फोल्डर उघडतं, हॉलमधल्या टीव्हीवर दिसत नाही, आणि ऐरोलीच्या ऑफिसातून फोनवर काही केल्या लागत नाही. पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून आलेली हाक घरातल्या ठरावीक उपकरणाकडे वळवणं, चार वेळा करून झालं.

पाचव्यांदा करू नका. लॅपटॉपचा पत्ता १९२.१६८.०.१०५ आणि टीव्हीचा १९२.१६८.१.७ असं तुम्हीच लिहिलंय, त्यातच अर्धं उत्तर आहे. शेवटून दुसरा आकडा वेगळा, म्हणजे घरात दोन नेटवर्कं आहेत. फायबरवाल्याने हॉलमध्ये दारामागे लावलेला पांढरा डबा हा स्वतःच राउटर असतो. त्यातून केबल ओढून आपल्या राउटरच्या वॅन पोर्टात (बाहेरून येणाऱ्या इंटरनेटच्या जागी) खुपसली की त्याच्या आत दुसरं घर तयार होतं. आतल्याला बाहेर जाता येतं, बाहेरच्याला आत येता येत नाही. तुमचा टीव्ही हॉलच्या डब्यावर आहे, म्हणजे बाहेर. डिस्क आत.

यावर माझ्या मते सरळ उपाय म्हणजे बेडरूमचा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर टाकायचा, म्हणजे तो वेगळं नेटवर्क न बनवता हॉलच्या डब्याचंच नेटवर्क पुढे देतो. मोड बदलला की सगळी उपकरणं १९२.१६८.१ च्या एकाच माळेत येतात. मात्र काही मॉडेलमध्ये या मोडला यूएसबी शेअरिंग बंद पडतं, ते आधी तपासा. तसं असेल तर मोड आहे तोच ठेवा, राउटरचा पत्ता हाताने १९२.१६८.१.२ करा, त्याचं डीएचसीपी (उपकरणांना आपोआप पत्ते वाटणं) बंद करा आणि केबल वॅनमधून काढून लॅन पोर्टात (घरातल्या उपकरणांच्या जागी) घाला. पहिल्या वाटेने गेलात तर हॉलच्या डब्यात या राउटरसाठी एक पत्ता कायमचा राखून ठेवा, नाहीतर वीज जाऊन आली की पत्ता बदलायचा आणि तुम्ही पुन्हा शोधत बसायचे. एवढं करूनही टीव्ही रुसला तर राउटरच्या यूएसबी पानावर मीडिया सर्व्हर किंवा डीएलएनए (टीव्हीला फोटो-व्हिडिओ दाखवण्याची सोय) चालू करा. बऱ्याच टीव्हींना विंडोजचं शेअर केलेलं फोल्डर वाचताच येत नाही.

जाता जाता, डिस्कमधून टिक-टिक आवाज येत असेल तर तिला करंट पुरत नसेल किंवा ती बिघडत असेल. जुन्या यूएसबी २.० पोर्टातून नियमाने ५०० मिलिअँपियरच मिळतो. करंटसाठी स्वतःचा ॲडॉप्टर असलेला यूएसबी हब घ्या. फोटो वडिलांचे आहेत, म्हणून हे आजच बघा, आणि त्यांची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून कपाटात ठेवा.

आता ऑफिसचं. नेरूळला मी याच कामात दोन रात्री घालवल्या. पोर्ट, फायरवॉल, सगळं तपासलं, आणि मग डब्याच्या स्टेटस पानावर वॅन पत्ता, म्हणजे कंपनीने डब्याला दिलेला पत्ता, दिसला: १०० पासून सुरू होणारा. तिथेच उलगडा झाला. १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा २०१२ मध्ये इंटरनेट कंपन्यांना आतल्या वापरासाठी राखून दिला, कारण आयपीव्ही४ चे, म्हणजे चार आकड्यांचे नेहमीचे, पत्ते संपत आले होते. मध्यवर्ती साठा तर फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून झाला होता. म्हणजे तुमच्यासारखी अनेक घरं एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवलेली असतात. बाहेरून आलेली हाक कंपनीच्या दारातच थांबते. तुमच्या डब्यात कितीही पोर्ट उघडा, तिथपर्यंत काही पोचतच नाही.

तुमचं तसंच आहे का, हे दोन मिनिटांत कळतं. डब्याचा वॅन पत्ता बघा आणि आपला आयपी दाखवणाऱ्या कुठल्याही साइटवरचा पत्ता बघा. दोन्ही जुळत नसतील तर पोर्ट फॉरवर्डिंगचा नाद सोडा. महिन्याला जादा पैसे भरून कंपनीकडून सार्वजनिक आयपी मागता येतो, पण आधी टेलस्केल करून बघा, हे आपल्याच उपकरणांना इंटरनेटवरून खाजगीत जोडणारं ॲप आहे. घरी कायम चालू राहणारा जुना लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय हा छोटा संगणक असेल तर त्यावर टाका, त्याला सबनेट राउटर (घरातल्या बाकी उपकरणांपर्यंतची वाट) करा, फोनवर तेच ॲप, झालं. इंटरनेट कंपनीच्या सामायिक पत्त्यामागे असलात तरी चालतं, कारण दोन्ही टोकं आतून बाहेर हाक मारतात. ऑफिसच्या लॅपटॉपवर मात्र हे टाकू नका. स्वतःचा फोन आणि मोबाइल डेटा वापरा.

सार्वजनिक आयपी मिळाला तरी ४४५ पोर्ट (विंडोजच्या फाइल शेअरिंगचा) बाहेर उघडू नका, हे मी अगदी कळकळीने सांगतोय. मे २०१७ मधला वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस याच फाइल शेअरिंगच्या वाटेने पसरला. उघडायचंच तर फक्त वायरगार्ड या खाजगी जोडणीच्या (व्हीपीएन) सॉफ्टवेअरचं, म्हणजे यूडीपी ५१८२०. त्याच वर्षाच्या अखेरीपासून विंडोज १० मध्ये एसएमबी १ ही फाइल शेअरिंगची जुनी पद्धत आपोआप येत नाही. विंडोज ११ प्रोची २४एच२ आवृत्ती तर बिनपासवर्डचं फोल्डरही नाकारते. अपडेटनंतर लॅपटॉपवरून डिस्क अचानक गायब झाली तर कारण बहुधा हेच. राउटरवर नाव-पासवर्ड लावा.

वेगाचा हिशोबही मांडून ठेवा. बाहेरून बघताना घरचा अपलोड वेग लागतो. तो ५० एमबीपीएस असला तर ४ जीबीचा व्हिडिओ उतरायला साधारण ११ मिनिटं.

आज रात्री वॅन पत्त्याचे फक्त पहिले दोन आकडे लिहा, पूर्ण पत्ता नको. आणि राउटरचं मॉडेलही सांगा, म्हणजे ॲक्सेस पॉइंट मोडचं पान कुठे आहे ते बघून सांगतो.