जपानला येताय आणि ख्रिस्ती आहात, म्हणून थोडं लांबलचक उत्तर

ताई, तुम्ही विचारलंय की मिस्टरांना तोक्योत नोकरी लागलीय, मुलगा दुसरीत आहे, तर तिकडे ख्रिस्ती म्हणून काही त्रास होतो का. व्हिसाचं वगैरे सगळं सरकारी साईटवर आहे, ते नाही सांगत बसत. मीही वसईचाच, इथे अकरा वर्षं झाली, आणि दोन दिवस तुमचा प्रश्न डोक्यातून जात नाहीये.

त्रास कोणीच देत नाही. पण इथे ख्रिस्ती लोक जेमतेम एक टक्का, त्यामुळे बऱ्याच जणांनी ख्रिस्ती माणूस जवळून बघितलेलाच नसतो. त्यांनी बघितलेलं असतं नाताळचं लायटिंग, स्ट्रॉबेरीचा केक, केएफसीचं चिकन, आणि हॉटेलातलं चॅपल, जिथे लग्न लावणारा गोरा माणूस पुष्कळदा पार्टटाइम कामाला ठेवलेला असतो. माझ्या ऑफिसातल्या एकाने अगदी सरळ मनाने विचारलं होतं, तुमच्या लग्नातला पाद्री खरा होता का? २५ डिसेंबरला इथे सुट्टी नसते, मी दरवर्षी रजा टाकतो.

आणि एक, 'शूक्यो' म्हणजे धर्म हा शब्दच इथे लोकांना जरा घाबरवतो. १९९५ ला मेट्रोत विषारी वायू सोडणारा ओम पंथ, मग २०२२ ला माजी पंतप्रधान आबेंची हत्या झाली तेव्हा युनिफिकेशन चर्च या पंथाचं नाव निघालं. त्यामुळे दर रविवारी चर्चला जातो म्हटलं की समोरचा जरा जपून बोलायला लागतो. कॅथलिक वेगळे, ते पंथ वेगळे, हा फरक बऱ्याच जणांना माहीत नसतो. त्यात द्वेष नसतो हो, पण दरवेळी आपणच समजावून सांगायचं, त्याचा कंटाळा येतो.

कागदपत्रांचं एकच सांगतो, कारण मी तीन हेलपाटे मारलेत. आपली 'डी'ने सुरू होणारी पोर्तुगीज आडनावं आणि पासपोर्टातलं मधलं वडिलांचं नाव, याची काताकानात, म्हणजे परदेशी नावं लिहायच्या जपानी लिपीत, प्रत्येकजण वेगळी चिरफाड करतो. माझं आडनाव वॉर्ड ऑफिसात एक, बँकेत दुसरं, विम्यात तिसरं. पहिल्याच दिवशी एक स्पेलिंग पक्कं करा आणि सगळीकडे तेच लिहा.

आता खरं दुखणं. मुलगी पहिलीत असताना शाळेच्या जेवणाच्या फॉर्मवर सेन्सेईंनी, म्हणजे वर्गशिक्षिकेने, आपणहून बीफवर फुली मारून पाठवली. भारतीय म्हणजे हिंदू, असं धरूनच चालले. मी फोन केला नाही, म्हटलं जाऊ दे, बाईंनी काळजीनेच केलंय. मग तिसरीत 'इतर देशांचे धर्म' असं काहीतरी होतं, ती म्हणाली आम्ही ख्रिश्चन, तर तिला विचारलं, आई-बाबांपैकी युरोपचं कोण? घरी येऊन मला म्हणते, बाबा मी हिंदू सांगू का, सोपं पडतं. मी म्हटलं सांग. हे मी बायकोलाही नीट सांगितलेलं नाही.

एकटेपणाचं म्हणाल तर येतो, सवय होते.

मागच्या हिवाळ्यात मुलीला नागासाकीला नेलं. निशिझाका टेकडीवर २६ हुतात्म्यांचे पुतळे एका रांगेत आहेत, तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या हुकमावरून ५ फेब्रुवारी १५९७ ला त्यांना तिथे क्रुसावर चढवलं होतं. क्योतोत त्यांच्यातल्या बहुतेकांचा डावा कान कापला, मग ऐन थंडीत महिनाभर चालवत आणलं. त्यात गोन्सालो गार्सिया, आपल्या वसईत जन्मलेला, ज्यांच्या नावाचं आपल्याकडे कॉलेज आहे. लहान वयातच मिशनऱ्यांबरोबर इथे आला होता, पुढे काही काळ व्यापारही केला, जपानी इतकी चांगली बोलायचा की मिशनऱ्यांसाठी दुभाष्याचं काम करायचा, १८६२ ला संत घोषित झाला. त्या २६ जणांना मारल्यानंतरही १८७३ पर्यंत या देशात आपल्या धर्मावर बंदी होती आणि लोकांनी पिढ्यान् पिढ्या लपून सांभाळला. मुलगी हातमोजा काढून दगडावर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, हा आजीच्या गावचा? मग सेन्सेईंना माहीत कसं नाही?

मी तेव्हा सांगायला हवं होतं ना. नाही सांगितलं.

तुम्ही मुलाच्या पहिल्याच फॉर्मवर लिहा, आणि पहिल्या भेटीत शिक्षकांना तोंडानेही सांगा, मोडक्या जपानीत का होईना. योत्सुयाला सेंट इग्नेशियस चर्चमध्ये रविवारी इंग्रजीतही मिस्सा असते. आलात की कळवा, पहिल्या रविवारी मी स्टेशनवर घ्यायला येतो, मुलीलाही आणतो.