करंगळी पुरत नाही, तर?

प्रश्न : आमच्या भजनी मंडळात आता बेस गिटारही घेतली आहे. साध्या गिटारवर चार बोटं चार फ्रेटवर (दांडीवरच्या धातूच्या पट्ट्यांनी पाडलेल्या घरांवर) ठेवायची सवय आहे, पण बेसवर पहिल्या चार फ्रेटांत हात ताणून मनगट दुखतं. सराव वाढवू का?
– एक वाचक, वेंगुर्ला

उत्तर : सराव वाढवू नका, बोटांची मांडणी बदला. साध्या गिटारची तार सुमारे साडेपंचवीस इंच असते, बेसची साधारण ३४ इंच. त्यामुळे पहिल्या फ्रेटपासून चौथ्यापर्यंत गिटारवर जवळपास ९७ मिलिमीटर अंतर पडतं, तर बेसवर १३०. हा फरक नुसत्या जिद्दीने भरून निघत नाही.

डबल बेस (उभं धरून वाजवायचं, फ्रेट नसलेलं मोठं तंतुवाद्य) वाजवणारे खालच्या भागात हाताखाली चार नव्हे, तीनच लगतचे स्वर धरतात, तसेच तुम्ही तीन फ्रेट धरा : तर्जनी पहिल्यावर, मधलं बोट दुसऱ्यावर, करंगळी तिसऱ्यावर. अनामिका करंगळीच्या मागे टेकवायची. करंगळी एकटी दुबळी असते, दोघी मिळून जाड तार दाबतात. चौथा फ्रेट हवा असेल तर बोट ताणायचं नाही, अख्खा हात एक फ्रेट सरकवायचा, अंगठ्यासकट. अंगठा मागेच राहिला की मनगट वाकतं आणि दुखणं तिथूनच सुरू होतं. साधारण पाचव्या फ्रेटपासून पुढे मात्र एका फ्रेटला एक बोट बिनधास्त ठेवा. पाचव्या ते आठव्याचं अंतर सुमारे १०३ मिलिमीटर, म्हणजे गिटारच्या पहिल्या चार फ्रेटांच्या आसपासच येतं.

अंगठा नेकच्या (दांडीच्या) मागे, मधल्या बोटाच्या समोरासमोर. मूठ आवळून नेक धरायची नाही. अंगठा क्षणभर काढूनही स्वर दाबता येतो का, ते पाहा. बसून वाजवतानाही पट्टा लावा आणि नेकचं टोक थोडं वर ठेवा. हाताला मुंग्या येऊ लागल्या तर त्या दिवशी वाद्य बाजूला ठेवा.

भजनाला ‘काळी एक’ असेल तर सा तिसऱ्या तारेच्या (जाड तारेकडून दुसऱ्या) चौथ्या फ्रेटवर, तर्जनीखाली. पंचम त्याच्या पुढच्या बारीक तारेवर सहाव्या फ्रेटवर, करंगळीखाली. खालचा पंचम त्याच चौथ्या फ्रेटवर, सर्वांत जाड तारेवर. सा आणि दोन्ही पंचम हातात बसले की निम्मी भजनं निभतात. हार्मोनियमच्या प्रत्येक स्वरामागे धावू नका, बेसला ते शोभत नाही.

प्रश्न : तार दाबतो तरी खरखर होते.
– देवगड

उत्तर : बोट फ्रेटच्या धातूच्या पट्टीला अगदी लागून, पण तिच्या अलीकडे हवं. दोन फ्रेटच्या मधोमध दाबलंत तर दुप्पट जोर लावूनही तार फडफडते. पट्टीवरच बोट आलं तर आवाज दबतो. हे सांभाळूनही एकाच फ्रेटवर खरखर राहिली तर ती पट्टी वर आलेली असू शकते. सुरुवातीच्या सगळ्याच फ्रेटांवर असेल तर नेक तपासा : तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा, सातव्या-आठव्यापाशी व्हिजिटिंग कार्डाइतकी फट दिसायला हवी. ती अजिबात नसेल तर नेक अगदी सरळ झाली आहे किंवा मागे झुकली आहे. आपल्याकडच्या पावसाळ्यात हे नवल नाही. नेकचा बाक कमी-जास्त करणाऱ्या आतल्या रॉडला हात लावायचा तर एका वेळी पाव फेरा, तोही येत असेल तरच.

प्रश्न : एका तारेवर वाजवताना बाकीच्या तारा घुमतात.
– गुहागर

उत्तर : दाबणाऱ्या बोटाचं टोक वरच्या जाड तारेला हलकं टेकवा आणि उरलेली बोटं बारीक तारांवर आडवी पडू द्या. एकच बोट टेकवलंत तर कधीकधी घंटीसारखा आवाज निघतो, म्हणून दोन ठेवा. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या सुती फडक्याने खालच्या बाजूनेही पुसा. खाऱ्या हवेत गंजलेली तार बोटं सोलते आणि सूर धरत नाही.