समुपदेशन घ्याच, पण चोवीस सेशनचं पॅकेज आत्ता नको

प्रश्न : आम्ही धायरीत राहतो. मुलगा नववीत आहे. गेले सहा महिने तो आमच्याशी धड बोलत नाही. मोबाइलवरून रोज वाद होतो आणि त्या वादात आम्ही नवरा-बायकोच एकमेकांवर घसरतो. एका ॲपवर पालक आणि कुटुंबासाठी २४ ऑनलाइन सेशनचं पॅकेज आहे. ४८,००० रुपये एकदम, किंवा १२ महिने ४,००० चा ‘नो-कॉस्ट’ हप्ता. रविवारपर्यंत भरले तर दोन सेशन जादा. घरात ९२,००० येतात. गृहकर्जाचा हप्ता ३१,५००, घरखर्च ३४,०००, शाळा-क्लासची फी ९,५००, म्युच्युअल फंडातली एसआयपी ८,०००, विमा वगैरे ४,०००. दीड लाखाची एफडी आहे. शाळेतल्या समुपदेशकांनी एका मॅडमचं नाव सुचवलंय, त्या ऑनलाइन सेशनचे १,६०० घेतात. मिस्टर हिंजवडीत आयटी कंपनीत आहेत. सासूबाई म्हणतात, चार शब्द प्रेमाने बोलायला पैसे कशाला? एफडी मोडू, एसआयपी थांबवू, की हप्ता घेऊ?

उत्तर : ताई, तिन्ही नको. समुपदेशन मात्र घ्या, आणि याच महिन्यात सुरू करा. मुलगा दहावीत गेल्यावर घरातला ताण आपोआप कमी होईल, असं धरून चालू नका.

तुमच्या आकड्यांची बेरीज केली. महिन्याला ८७,००० जातात, ५,००० उरतात. त्या मॅडमकडे पंधरा दिवसांनी एक सेशन धरलं तर ३,२०० लागतील. ते उरणाऱ्या पैशांतूनच निघतात, कशालाच हात लावावा लागत नाही. सुरुवातीला दर आठवड्याला या असं त्या म्हणाल्या तर ६,४०० होतील, म्हणजे १,४०० कमी पडतील. त्यासाठी सगळी एसआयपी बंद करायची गरज नाही. ती दोन-तीन फंडांत विभागलेली असेल तर त्यातली सगळ्यात लहान दोन-तीन महिने ‘पॉज’ करा. रक्कम मधेच कमी करण्याची सोय सगळीकडे नसते. दोन-तीन महिने थोडे पैसे कमी गेले म्हणून तुमचं पुढचं गणित कोलमडत नाही.

एफडी मोडू नका. एसआयपी सोडली तर तुमचा महिना ७९,००० चा आहे. दीड लाख म्हणजे त्याचे दोन महिनेही नाहीत. एकाची नोकरी गेली किंवा सासूबाईंना दवाखान्यात न्यावं लागलं, तर हाताशी एवढंच आहे. खरं तर हा निधी वाढवायला हवा, पण ते पुढच्या वर्षी बघू.

आता पॅकेज. दोन जादा सेशन धरूनही एक सेशन १,८४६ रुपयांना पडतं. म्हणजे सवलत मिळूनही ते मॅडमच्या फीपेक्षा महाग आहे. पण मला त्या दोन-अडीचशे रुपयांची चिंता नाही. समुपदेशनात कुणाशी सूत जुळेल हे दोन-तीन भेटी झाल्याशिवाय कळत नाही, आणि तुम्ही मात्र एकही भेट व्हायच्या आधी २४ भेटींचे पैसे देणार आहात. माझ्याकडे बाणेरचं एक जोडपं येतं. त्यांनी असंच १८ सेशनचं पॅकेज ३६,००० ला घेतलं होतं. तीन सेशन झाली आणि समुपदेशक बदलल्या. पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगायचं, लग्न कसं झालं, पहिलं भांडण कशावरून झालं. ती बाई मला म्हणाली, ‘मॅडम, तेच तेच सांगून मला माझंच खोटं वाटायला लागलं.’ नव्या समुपदेशकांबरोबर चार सेशन करून त्यांनी सोडून दिलं. सहा महिन्यांची मुदत संपली आणि उरलेली ११ सेशन, म्हणजे २२,००० रुपये, बुडाले. पैशांपेक्षा मला वाईट याचं वाटलं, की त्यानंतर दोघांनी वर्षभर समुपदेशनाचं नावच काढलं नाही.

हप्त्याचंही नीट समजून घ्या. अशा हप्त्यामागे बहुतेक वेळा तुमच्या नावावर उघडलेलं कर्ज असतं. सेशन थांबली तरी हप्ता थांबत नाही, आणि चुकला तर तुमच्या सिबिलमध्ये, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, दिसतो. व्याज दिसत नसलं तरी ते किमतीत किंवा प्रोसेसिंग फीमध्ये कुठेतरी बसलेलं असतं. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या नियमांनुसार सही करण्याआधी वार्षिक दरासह सगळी माहिती देणारं पत्रक मिळालं पाहिजे, आणि कर्ज घेतल्यावर ठरावीक मुदतीत दंडाशिवाय परत करता आलं पाहिजे. घाईत ‘आय ॲग्री’ दाबून बसला असाल तर आजच ती मुदत तपासा.

पैसे देण्याआधी दोन फुकटचे दरवाजे ठोठवा. मिस्टरांना एचआरकडे ‘एम्प्लॉई असिस्टन्स प्रोग्रॅम’ आहे का विचारायला सांगा. अनेक आयटी कंपन्यांत वर्षाला काही सेशन मोफत असतात आणि ती बऱ्याचदा घरच्यांनाही लागू होतात. कंपनीला काय कळतं आणि काय नाही, ती अट मात्र लेखी वाचून घ्या. दुसरं, केंद्र सरकारची टेलिमानस सेवा, फोन १४४१६. १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतही. ती महिनोन्‌महिन्यांच्या समुपदेशनाची जागा घेणार नाही, पण रात्री अकराला घरात स्फोट झाला तर बोलायला माणूस मिळतो. आणि मुलगा ‘मला जगायचंच नाही’ असं काही बोलला, स्वतःला इजा करताना दिसला, तर माझा हा सगळा हिशोब बाजूला ठेवा. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना प्रत्यक्ष भेटा. त्यासाठी एफडी मोडावी लागली तरी मोडा.

मेडिक्लेममधून हे निघेल या भरवशावर राहू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारांचे उपचार शारीरिक आजारांसारखेच धरायला लावले, हे खरं. पण साध्या पॉलिसीत दवाखान्यात दाखल व्हावं लागतं. सेशनची फी ही ओपीडी, म्हणजे दाखल न होता घेतलेले उपचार. पॉलिसीत ओपीडीचं कलम असेल तरच विचारा. इन्कम टॅक्समध्ये आरोग्य विम्याच्या सवलतीतही ही फी बसत नाही.

मॅडमना फोन कराल तेव्हा शिक्षण विचारायला लाजू नका. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणवत असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, त्यांची नोंदणी असते, नंबर मागा. नुसतं ‘समुपदेशक’ म्हणवणाऱ्यांची अशी नोंदणी असेलच असं नाही, म्हणून पदवी कोणती आणि किशोरवयीन मुलांबरोबर किती वर्षं काम केलं, हे विचारा. सेशन रद्द केलं तर फी जाते का, आणि तिघं एकत्र बसलात तर फी तीच का, हेही. चौथ्या सेशननंतर तुम्ही दोघं बसून ठरवा, पुढे जायचं की माणूस बदलायचा.

सासूबाईंच्या बोलण्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. प्रेमाने बोलायला पैसे लागत नाहीत. पण तुमच्या घरात सध्या प्रेमाने सुरू झालेलं वाक्य ओरडण्यात संपतंय. ते कुठे फिरतं, हे बाहेरच्या माणसाला लवकर दिसतं. त्यांना हे सांगा, आणि मॅडमनी बोलावलं तर त्यांनाही एखाद्या सेशनला बसवा. खर्च लपवू मात्र नका. नंतर कळला तर तो भांडणाचा आणखी एक विषय होईल.

अजून एक गोष्ट, आकड्यांत न दिसणारी. ऑनलाइनमुळे धायरीहून डेक्कनला जायचं पेट्रोल आणि अर्ध्या दिवसाची रजा वाचते, पण घरात बोलायला जागा लागते. ते बाणेरचं जोडपं सोसायटीच्या पार्किंगमध्ये, गाडीच्या काचा वर करून, फोन डॅशबोर्डला टेकवून सेशन करायचं. तळघरात रेंज जायची आणि नेमकं रडू आलं की चित्र गोठायचं. मुलगा क्लासला असतो आणि सासूबाई खाली फिरायला जातात, अशी आठवड्यातली एक संध्याकाळ शोधा, आणि मॅडमकडे वेळ मागताना तीच मागा.